डॉक्टरांचे राजकारण आणि आपले विद्यार्थी

(संस्थेच्या वार्षिक गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात आपण ज्या मुलामुलींचा सत्कार केला त्यांत वैद्यकीय शाखेला प्रवेश मिळालेले विद्यार्थी आहेत, याचा आपल्या सर्वांना अभिमान वाटतो. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे शरीरशास्त्राबद्दल मी काही सांगू लागलो तर ते हास्यास्पद होईल. पण राज्यशास्त्र हा माझा पदवीचा विषय होता आणि वाचनाची सवय अजून टिकून आहे. म्हणून मी एक असा विषय निवडला आहे की जो दवाखाना आणि मतपेटी या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो विषय म्हणजे डॉक्टरांचे राजकीय कल. त्यातही निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांचे कल सारखे असतात की वेगवेगळे?

आपल्याकडे असे समजले जाते की डॉक्टरला राजकारण नसते. तो बरा आणि त्याचा रोगी बरा. परंतु अमेरिकेत या प्रश्नाचा आकडेवारीनिशी अभ्यास झाला आहे, आणि त्यातून जे दिसले ते विचार करायला लावणारे आहे.

प्रथम एक खुलासा करतो. रिपब्लिकन हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला आपला रिपब्लिकन पक्ष आणि निळा झेंडा येतो. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचा त्याच्याशी संबंध नाही. तो एके काळी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अब्राहम लिंकनचा पक्ष होता. पण गेल्या अनेक दशकांत कर कमी असावेत, सरकारने व्यापारात व आरोग्यात फार हात घालू नये, अशी त्याची भूमिका राहिली आहे. दुसरा डेमोक्रॅटिक पक्ष. सरकारने आरोग्य, शिक्षण आणि दुर्बलांचे रक्षण यांत अधिक जबाबदारी घ्यावी असे तो सांगतो. आणि गंमत अशी की तिकडे निळा रंग डेमोक्रॅटांचा समजला जातो. तेव्हा पुढील आकडे ऐकताना गोंधळ होऊ देऊ नका.

दुसरा खुलासा. आपल्या मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक असतो, पक्ष नसतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार नोंदणी करताना पक्षही नोंदवता येतो आणि ती नोंद अभ्यासकांना पाहता येते. मत मात्र तेथेही गुप्तच असते. येल विद्यापीठातील राज्यशास्त्राचे अभ्यासक आयटन हर्श आणि मानसोपचारतज्ज्ञ मॅथ्यू गोल्डनबर्ग यांनी देशातील डॉक्टरांची यादी आणि २९ राज्यांतील मतदार यादी एकमेकींशी ताडून पाहिली. अशा रीतीने ५५ हजारांहून अधिक डॉक्टरांची माहिती जमा झाली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली.

त्यात काय आढळले? शल्यचिकित्सक म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि मूत्रविकारतज्ज्ञ यांच्यापैकी ज्यांनी पक्ष नोंदवला होता, त्यांतील सुमारे दोनतृतीयांश रिपब्लिकन होते. उलट संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यात दोनतृतीयांशाहून अधिक डेमोक्रॅट होते. म्हणजे एकाच महाविद्यालयातून, एकाच पुस्तकावरून, एकाच मृतदेहावर शिकून बाहेर पडलेली दोन मुले, एक ऑपरेशन थिएटरमध्ये गेला आणि दुसरा बालरुग्ण विभागात गेला, तर त्यांचे मतही बहुधा दोन दिशांना गेलेले दिसते.

याच्या दोन वर्षे आधी, २०१४ साली, दुसऱ्या अभ्यासकांनी निवडणुकीतील देणग्यांच्या आधारे हाच प्रश्न तपासला होता. १९९१ ते २०१२ या काळातील देणग्या त्यांनी पाहिल्या. आरंभी २.६ टक्के डॉक्टर देणगी देत असत, ते शेवटी ९.४ टक्के झाले. देणगीची रक्कम सुमारे २ कोटी डॉलरवरून १८ कोटी ९० लाख डॉलरवर गेली. २०११-१२ मध्ये देणगी देणाऱ्या सर्जनांपैकी ७०.२ टक्क्यांनी रिपब्लिकनांना पैसे दिले, बालरोगतज्ज्ञांत हे प्रमाण २२.१ टक्के होते. पुरुष डॉक्टरांत ते ५२.३ टक्के, तर स्त्री डॉक्टरांत २३.६ टक्के. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांतील डॉक्टरांत ५३.२ टक्के, तर ना-नफा संस्थांतील डॉक्टरांत २५.६ टक्के.

मित्रहो, बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडा दिसला की तो आधी विचारतो, हा आकडा कशाचा आहे? येथेही विचारले पाहिजे. हे आकडे पक्ष नोंदवणाऱ्यांचे किंवा देणगी देणाऱ्यांचे आहेत, सर्व डॉक्टरांचे नाहीत. आणि दोनतृतीयांश सर्जन एका बाजूला असले, तर एकतृतीयांश दुसऱ्या बाजूलाही आहेत. म्हणून समोरच्या सर्जनकडे पाहून त्याचा पक्ष सांगणे हा मूर्खपणा होईल. समूहाचा कल एका माणसावर चिकटवणे यालाच आपण पूर्वग्रह म्हणतो, आणि पूर्वग्रहाचे चटके आपल्याइतके कोणी सोसलेले नाहीत.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण पैसा. अमेरिकेत सर्जन, भूलतज्ज्ञ यांची मिळकत बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. ज्याची मिळकत मोठी त्याला कराचा बोजा अधिक जाणवतो, आणि कर कमी करू म्हणणारा पक्ष त्याला जवळचा वाटतो. दुसरे कारण स्त्रियांचे प्रमाण. बालरोग विभागात स्त्रिया पुष्कळ, शस्त्रक्रिया विभागात कमी, आणि अमेरिकेत स्त्रियांचा कल डेमोक्रॅटांकडे अधिक. तिसरे कारण रोगी. क्षयरोग, एड्स यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरासमोर रोज कोण येऊन बसते? गरीब, बेघर, व्यसनाधीन, समाजाने दूर लोटलेला माणूस. औषध लिहून दिले तरी हा माणूस ते कोणत्या पैशाने घेणार आणि कोणत्या छपराखाली झोपणार, हा प्रश्न त्या डॉक्टराला टाळता येत नाही. सर्जनसमोर मात्र रोगी भूल देऊन झोपवलेला असतो. दोष कापून काढला की काम संपते. हे तिसरे कारण मी आकड्यांनी सिद्ध करू शकत नाही. पण जो ज्याच्या सहवासात राहतो त्याचा परिणाम त्याच्यावर होतो, एवढे आपण अनुभवाने जाणतो.

शाखा माणसाला घडवते की माणूस आपल्या स्वभावानुसार शाखा निवडतो? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडत असाव्यात. विद्यार्थ्यांनी मात्र हा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा. मी ही शाखा का घेतो आहे? आणि दहा वर्षांनी ही शाखा माझे काय करील?

कोणी म्हणेल, डॉक्टरचे मत काही का असेना, औषध तर तेच देतो ना? हर्श आणि गोल्डनबर्ग यांनी हाही प्रश्न तपासला. त्यांनी प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर काल्पनिक रोग्यांची वर्णने ठेवली आणि विचारले, तुम्हाला कशाची किती काळजी वाटते व तुम्ही काय सल्ला द्याल? दारूचे व्यसन, लठ्ठपणा अशा बाबतींत दोन्ही पक्षांच्या डॉक्टरांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पण ज्या विषयांवर तेथे राजकीय भांडण आहे, त्या विषयांवर फरक दिसला. गर्भपात आणि गांजाचे सेवन यांविषयी रिपब्लिकन डॉक्टरांना अधिक काळजी वाटत होती. घरात बंदूक ठेवण्याविषयी डेमोक्रॅट डॉक्टरांना अधिक काळजी वाटत होती. रोगी तोच, कागद तोच, पण सल्ला बदलला. म्हणजे डॉक्टर तपासणीच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढतो, पण मते बाहेर काढून ठेवत नाही.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण इतिहासाशिवाय आकडे मुके असतात. १९४५ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा असावा असा प्रस्ताव मांडला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या सर्वात मोठ्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलरची जादा वर्गणी घेऊन तिने प्रचारमोहीम चालवली. सरकार आरोग्यात आले की समाजवाद आला, असा तो प्रचार होता. ट्रूमन यांची योजना बारगळली. पुढे वृद्धांसाठी विमा आणण्याचे घाटत होते तेव्हा, १९६१ साली, याच संघटनेने रोनाल्ड रेगन नावाच्या नटाच्या आवाजात विरोधाची ध्वनिमुद्रिका काढली आणि डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवली. तोच नट १९८१ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तरीही ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड वृद्ध ट्रूमन यांच्या हाती दिले.

परंतु आपल्याला जवळची गोष्ट पुढेच आहे. या बलाढ्य संघटनेच्या अनेक स्थानिक शाखांत काळ्या डॉक्टरांना सभासदत्व मिळत नसे. सभासदत्व नाही म्हणून अनेक इस्पितळांत रोगी दाखल करण्याचा अधिकार नाही. म्हणून काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली नॅशनल मेडिकल असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली. गोऱ्यांची संघटना मेडिकेअरला विरोध करीत असताना काळ्या डॉक्टरांच्या संघटनेने तिला पाठिंबा दिला. धंदा एक, पदवी एक, मग मत वेगळे का? कारण त्यांचा रोगी गरीब होता आणि तो त्यांच्याच वस्तीतला होता.

१९४६ साली अमेरिकन सरकारने इस्पितळे बांधण्यासाठी निधी देणारा कायदा केला. त्यात काळ्यांसाठी वेगळी व्यवस्था दाखवली की वेगळेपणा चालेल अशी पळवाट होती. उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावी जॉर्ज सिमकिन्स नावाचे काळे दंतवैद्य होते. सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या इस्पितळाची दारे काळ्यांना बंद का, म्हणून त्यांनी काही डॉक्टर व रोग्यांना बरोबर घेऊन १९६२ साली दावा लावला. १९६३ साली अपील न्यायालयात ते जिंकले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्याला भेदभाव करण्यास बंदी केली, आणि १९६६ मध्ये मेडिकेअर सुरू होताना सरकारने सांगितले की भेदभाव असेल तर पैसा मिळणार नाही. वर्षानुवर्षे विनवण्या करून जे झाले नव्हते ते थोड्याच महिन्यांत घडू लागले. शेकडो इस्पितळांतील वेगळे वॉर्ड मोडले. आणि त्या मोठ्या संघटनेने काळ्या डॉक्टरांची जाहीर माफी मागितली ती २००८ साली. निष्पक्षपणे हेही सांगतो की २०१० साली आलेल्या आरोग्य विमा कायद्याला त्याच संघटनेने पाठिंबा दिला. माणसे बदलतात, संघटनाही बदलतात.

आणखी एका डॉक्टरची हकीकत सांगतो. त्यांचे नाव जॅक गायगर. ते गोरे होते. १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब काळ्या शेतमजुरांसाठी आरोग्य केंद्र काढले. तेथे उपासमारीने खंगलेली मुले येत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाऐवजी अन्नधान्य लिहून द्यायला सुरुवात केली. गावातील दुकानदार चिठ्ठी पाहून धान्य देत आणि बिल केंद्राच्या औषध खात्यावर टाकत. सरकारी अधिकारी चौकशीला आले. औषधाचा पैसा अन्नावर कसा? गायगर यांनी सांगितले की कुपोषणाचे औषध वैद्यकाच्या पुस्तकात अन्न हेच दिलेले आहे. अधिकारी निरुत्तर झाले. मित्रहो, ही चिठ्ठी वैद्यकीय होती की राजकीय? माझ्या मते दोन्ही होती.

आता आपल्या घराकडे येऊ. भारतात पक्षवार नोंद नसल्याने असे आकडे काढता येत नाहीत. पण डॉक्टरच्या मनातील समाजाचे चित्र रोग्यापर्यंत कसे पोहोचते, याचा दाखला बाबासाहेबांनी देऊन ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी काठेवाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी दिली तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर. आजारी बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने पत्नीला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून न्युमोनिया सांगितला. पुन्हा तपासायला तो आला नाही. ती बाई मरण पावली. त्या डॉक्टरला वैद्यक येत नव्हते असे नाही, रोग त्याने ओळखला होता. त्याचा हात अडला तो ज्ञानाच्या अभावी अडला नाही.

हे सर्व शंभर वर्षांपूर्वीचे, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देण्याविरुद्ध दिल्ली-मुंबईत डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर आले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव होतो या तक्रारींची चौकशी आपल्याच महाराष्ट्राचे प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ मध्ये अहवाल दिला. त्यात भेदभावाच्या तक्रारींना पुष्टी मिळाली.

त्याच २००६ च्या मे महिन्यातील एक घरगुती प्रसंग सांगण्याची परवानगी घेतो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. वडिलांच्या आतड्याला पीळ पडला आणि रात्री त्यांना एका सरकारी रुग्णालयात नेले. बाहेर आंदोलनाचे फलक होते. तपासायला आलेल्या तरुण सर्जनच्या दंडावर काळी फीत होती. केसपेपरवरचे आडनाव त्याने वाचले. माझ्या पोटात गोळा आला. पण त्याने लगेच धावपळ केली, संपाचे दिवस असूनही वरिष्ठांना फोन लावला आणि पहाटेपर्यंत उभे राहून ऑपरेशन केले. माझे वडील वाचले. दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेलो. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “खरं सांगा, हे ऑपरेशन तुम्ही कोट्यातल्या डॉक्टरकडून करून घेतलं असतं का?”

मला उत्तर सुचले नाही. हात जोडून परत आलो. कित्येक वर्षे ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले. आज मी त्याला दोन गोष्टी सांगेन. पहिली ही की, डॉक्टरसाहेब, आरक्षण दारातून आत येण्यासाठी आहे. आत गेल्यावर परीक्षा सर्वांना एकच आणि उत्तीर्ण होण्याचे गुणही एकच. म्हणून होय, जरूर करून घेतले असते. आणि दुसरी ही की, तुमचे मत माझ्या विरुद्ध असताना तुमचा हात माझ्या वडिलांच्या बाजूने चालला, याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. मित्रहो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपण त्यातली एकच धरून बसलो तर एक तर आपण लाचार होऊ, नाही तर कृतघ्न.

भगवान बुद्धांच्या चरित्रातील आजारी भिक्खूची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अतिसाराने पीडित भिक्खू स्वतःच्या मळात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी संघाला बोलावून विचारणा केली आणि आजाऱ्याची सेवा हे सर्वांचे कर्तव्य ठरवून दिले. आधी हाताने सेवा आणि नंतर संघाचा नियम. माझ्या समजुतीप्रमाणे डॉक्टरचे राजकारण यापेक्षा निराळे असू नये.

म्हणून विद्यार्थ्यांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, कोणतीही शाखा घ्या. आपल्याला बालरोगतज्ज्ञ हवेत तसे सर्जनही हवेत, भूलतज्ज्ञही हवेत. पण केवळ कोणत्या शाखेत पैसा जास्त, एवढ्याच हिशेबाने घेऊ नका, कारण आपण शाखा घेतो तशी शाखाही आपल्याला घेते. दुसरी, रोग्यासमोर बसताना स्वतःला विचारा, माझ्या सल्ल्यात माझे शास्त्र किती आणि माझा राग-लोभ किती? तुमच्यापुढे उद्या तुमचा विरोधकही झोपलेला असेल. त्याच्यावरही तुमचा हात तितकाच स्थिर चालला पाहिजे. तिसरी, दवाखान्याबाहेर मात्र गप्प बसू नका. वस्तीत पाणी नाही, आरोग्य केंद्रात औषध नाही, हे ज्याला सर्वात आधी दिसते त्याने बोलायचे नाही तर कोणी? बाबासाहेबांनी आग्रा येथे १९५६ साली शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपल्या नावावर जमा होऊ देऊ नका.

आणि संस्थेच्या सभासदांनाही एक विनंती. आपण सत्कार करतो, शाल देतो, फोटो काढतो. पण पाच वर्षे वसतिगृहात टोमणे सोसत शिकणाऱ्या मुलीला महिन्यातून एकदा फोन करून “कशी आहेस बाई?” असे विचारणारा कोणी आहे का? या वर्षीपासून प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यामागे संस्थेचा एक सभासद पालक म्हणून नेमावा. पहिले नाव माझे लिहून घ्या.



जयभीम! नमो बुद्धाय!